शिट्टी घरी ठेवून

तीस वर्षं पंच होतो मी.
सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर,
खो-खोच्या मैदानावर शेवटचा शब्द माझ्या शिट्टीचा.
आता संघटनेनं पत्र दिलंय: मध्यस्थ.
बायको म्हणाली, शिट्टी घरी ठेवून जा.
ठेवली.
गळ्याशी दिवसभर हात जात राहिला.

खोली म्हणजे सेलूच्या शाळेतली खेळाची कोठी.
फक्कीची पोती, हवा गेलेले दोन चेंडू,
भिंतीकडेला आडवे निजलेले खांब.
खुर्च्या तीन. एक डुगडुगते, ती मी घेतली.

जमना राठोड, वय एकोणीस, तांड्यावरून सायकलीनं आलेली.
तौर सर, वय विचारलं नाही.
भांडण एका कागदाचं: ना हरकत दाखला,
चौदा महिने सरांच्या कपाटात.

सर आधी बोलले. हिशेब तोंडपाठ.
आठ वर्षं. बुटांचे सात जोड. पहाटेचं दूध, अंडी,
नाशिकला जाताना एसटीत उलटी झाली तेव्हाचा रुमाल.
"आन् आता पुण्याचा संघ बोलावतोय तर निघाली!"
रुमाल हिशेबात कसा आला
ते त्यांनाही कळलं नसावं.
तिथंच थांबले.

जमना भिंतीकडे तोंड करून बसलेली.
मला पाटीवर बसलेले आठ गडी आठवले,
एकाचं तोंड उगवतीला, शेजारच्याचं मावळतीला,
आणि संघ एकच.
हे सांगणार होतो. नाही सांगितलं.
शिबिरात बजावलं होतं,
दृष्टांत देऊ नका, ऐका.

मग सरांना बाहेर लिंबाखाली बसवलं
आणि तिला विचारलं, दाखला मिळाला की झालं?
"नाही."
पंखा नव्हता. एक गांधीलमाशी खिडकीत ये-जा करत होती.
"जालन्याची फायनल. गुडघा सुजला होता माझा.
मी सरांना सांगितलं, वाकत नाही.
ते म्हणले, एक सूर मार, मग आयुष्यभर झोप.
मारला."
हसली जरा. "झोपलेच मग. आठ महिने."
"काय पाहिजे तुला?"
"त्यांनी एकदा म्हणावं
की मी सांगितलं होतं.
गावात समदे म्हणतात, पोरीनं लपवलं."

जालन्याला पंच मी होतो
हे मध्यस्थीच्या कागदावर आधीच लिहिलं होतं.
दोघांनी सही केली होती त्याखाली.
एक गोष्ट लिहिली नव्हती.

सरांना आत बोलावलं. उभा राहूनच म्हणालो:
तिचा पाय लचकताना मला दिसत होता.
सामना थांबवता आला असता.
दोन मिनिटं उरली होती, गर्दी आरडत होती,
शिट्टी दातांत होती, वाजवली नाही.
तुम्हाला दुसरा माणूस पाहिजे असेल
तर मी हा उठलो.

किती वेळ गेला सांगता येत नाही.
घड्याळ पाहायची सवय, तरी पाहिलं नाही.
तौर सर फक्कीच्या पोत्याकडे बघत म्हणाले,
"बसा."
आणि नंतर, पोत्यालाच सांगावं तसं,
"सांगितलं होतं तिनं."

दाखला दुसऱ्या दिवशी. गुडघ्याच्या खर्चातला अर्धा वाटा क्लबचा.
बक्षिसाच्या पैशावर मात्र जमलं नाही,
ती ओळ कोरी सोडली, पुढच्या महिन्यावर.
माफी हा शब्द कुणी उच्चारला नाही.
मीही लिहिला नाही.
"गावात पण सांगा," जमना म्हणाली.
सर म्हणाले, "बघू."
तिनं ते "बघू" घेतलं. नाराजीनं, पण घेतलं.

कुलूप लावण्याआधी खिडकीतून पाहिलं:
सरांची जुनी लूना चालू होईना.
पायडल मारून मारून दमले.
जमना सायकल भिंतीला टेकवून मागं गेली,
डाव्या पायावर भार न देता
एक ढकल दिली.
हात गाडीला लागला की त्यांच्या पाठीला,
जाळीतून नीट दिसलं नाही.

पंच असतो
तर सांगावं लागलं असतं.